रात्री जेवणानंतर एक

१४ मे, मंगळवार

दुकानाच्या पायरीशी भागूबाईची जागा आजही रिकामी. सात-आठ वर्षं ती तिथं मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या मांडून बसते. मी शटर उघडलं की आधी तिची पाण्याची बाटली भरून द्यायची आणि मग माझा दिवस सुरू व्हायचा. रविवारी पहाटे चौकात रस्ता ओलांडताना तिला पिकअपनं उडवलं. खुब्याचं हाड मोडलं, मांडीत रॉड घातलाय. जीव वाचला.

पिकअप कुंडलिकची. वाशीला टोमॅटो उतरवून रिकामे क्रेट घेऊन नारायणगावला परत येत होता. पोलिसांनी नळीत फुंकायला लावलं, काही निघालं नाही. बाजारात जो तो म्हणतोय, पोरगं प्यालेलं नव्हतं हे नशीब.

मला मात्र शनिवारची संध्याकाळ आठवते. कुंडलिक काउंटरवर आला होता. नाक गळत होतं, एकामागून एक शिंका. मी सर्दीच्या दोन गोळ्या कापून दिल्या. ‘एक आत्ता घे, एक पहाटे.’ त्या गोळीनं गुंगी येते हे मला बी.फार्मच्या दुसऱ्या वर्षापासून ठाऊक आहे. तो ड्रायव्हर आहे हेही ठाऊक होतं. दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात होत्या, पण एकमेकींशेजारी आल्या नाहीत.

गोळीमुळेच झालं असं कशावरून म्हणू? तो तसाही रात्रभर जागा होता. आणि गोळीमुळे नाही झालं, असं तरी कशावरून?

सकाळी संपत वाशीहून आला तेव्हा न्याहारी वाढता वाढता त्याला हे सगळं सांगितलं. (वहीत मी त्याला संपत लिहिते. तोंडावर ‘अहो’च.) तो ऐकतोय असं वाटलं. मग बघते तर भाकरीचा तुकडा हातात तसाच आणि डोळे मिटलेले. दमतो. होळीला दुधाच्या टँकरची नोकरी सोडून स्वतःची पिकअप घेतली, तेव्हापासून त्याच्या दिवसाची रात्र झालीये. पण दारूला शिवत नाही. आपल्या घरातल्या ड्रायव्हरची चिंता नाही, एवढं समाधान.

१५ मे, बुधवार

कुंडलिक जामिनावर सुटला. दुपारी दुकानासमोरून जाताना मी हाक मारली. तेवीस-चोवीस वर्षांचा असेल. नजर वर करत नव्हता.

“डुलकी लागली होती का रे?”

“नाय ताई. डोळा उघडाच व्हता. म्हातारी दिसली बी. पन ब्रेक दाबायचा आसतो, ह्येच ध्यानात आलं नाय.”

त्याला गोळीचं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. सांगून त्याचं मन हलकं होईल की माझं, हे ठरवता आलं नाही.

१९ मे, रविवार

गेले चार दिवस प्रत्येकाला विचारते, “गाडी चालवता का?” आमच्याकडे हा प्रश्न विचारणं म्हणजे पाणी पिता का विचारण्यासारखं आहे. टोमॅटोचा हंगाम, बाजार शेजारी. निम्मं गिऱ्हाईक पिकअप नाहीतर जीपवालं. काही हसतात. काही म्हणतात, “न्हाई चालवत,” आणि पायरी उतरून स्टार्टर मारतात. झोप न आणणारी गोळी माझ्याकडे आहे, पण ती थोडी महाग, आणि लोक दुसऱ्या दिवशी येऊन सांगतात की लागूच पडली नाही. अंगात गुंगी भरली की औषध काम करतंय, असा सगळ्यांचा हिशोब.

गोळीच्या पाकिटावर सूचना असते, पण मुंगीच्या पावलाएवढ्या इंग्रजी अक्षरात. पेननं लिहून पाहिलं, चंदेरी कागदावर शाई टिकत नाही. संस्कृती सुट्टीला घरी आलीये, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ती म्हणाली, “मम्मी, लिहू नको, खूण कर. वाचायला कुणाला वेळ आहे?” तेव्हा सुचलं. समोरच्या जनरल स्टोअरमधून टिकल्यांची पाकिटं आणली, लाल, चांगली ठसठशीत. सर्दीच्या, खोकल्याच्या, अंगावर पित्त उठतं त्यावरच्या, ज्या ज्या गोळ्यांनी झोप येते त्या सगळ्यांवर बसून टिकल्या लावल्या. पाकीट कापून द्यावं लागतं, म्हणून दर दोन गोळ्यांमागे एक. गिऱ्हाइकाला सांगायचं: टिकली असेल तर गाडी नाही.

हे करताना कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. साधी गोष्ट, खर्च नाही, कुणाला दुखवणं नाही.

जाता जाता घरचा औषधाचा डबा भरायला घेतलं. आत्यांची बीपीची, माझी ॲसिडिटीची, संपतची पित्ताची. (सासूबाईंना मी आत्या म्हणते.) तो डबा मी दर महिन्याला भरते आणि आत्या तो चालवतात. कुणाला केव्हा काय द्यायचं हे त्यांचं खातं. वाचता येत नाही, पण एक वेळ चुकत नाहीत.

२३ मे, गुरुवार

बुद्ध पौर्णिमा. निमगावच्या आमच्या विहारात सकाळी वंदना झाली. संपतची गाडी आज बंद, त्यामुळे कितीतरी दिवसांनी आम्ही दोघं शेजारी बसलो.

पंचशील म्हणताना पाचव्या, नशेपासून लांब राहायच्या शीलापाशी थांबले. लहानपणापासून म्हणत आले आणि नेहमी वाटायचं, हे आपल्यासाठी नाही, पिणाऱ्यांसाठी आहे. आज त्यातला ‘पमाद’ शब्द ऐकू आला. बेसावधपणा. म्हणजे प्रश्न बाटलीचा नाही. जे माणसाला बेसावध करतं त्यापासून लांब राहायचं. मग जी ते काउंटरवरून कापून देते, तिचं काय? औषध आहे हे खरं. पण औषध म्हटलं की सुटले का मी?

विचार करत शेजारी पाहिलं. संपत मांडी घालून ताठ बसलेला, डोळे मिटलेले, श्वास संथ. इतक्या गर्दीत इतका शांत. वंदना संपून लोक उठले तरी तो बसूनच होता. मी खांद्याला हात लावला तेव्हा दचकला. त्याला ध्यान असं लागतं हे मला माहीत नव्हतं. हेवा वाटला.

२८ मे, मंगळवार

बाजारात ड्रायव्हर लोकांशी बोलायची परवानगी मिळाली. काल दोन पानं लिहून काढली होती. त्यातलं अवघड सगळं खोडलं, मग उरलं त्यात उपदेश फार वाटला, तोही खोडला.

वीस-पंचवीस जण जमले. क्रेटवर बसलेले, कुणी उभे. मी म्हटलं, दारूचा वास येतो, मशीन दाखवतं, गोळीचा वास येत नाही. म्हणून ती जास्त वाईट. मान हलवत होते. मग गेणभाऊ उठले. पासष्टीचे आहेत, अजून स्वतः गाडी मारतात.

“ताई, तुमचं समदं बराबर हाय. पन एक सांगा. तुमच्या दुकानात झोप मिळती का? दोन-चार तासाचं पाकीट? आमी आदी ती घेऊ.”

हशा झाला. मीही हसले.

“टवाळी नाय करत,” गेणभाऊ म्हणाले. “तुमी पहिल्याच, ज्येनी आमाला इचारलं. पन माल राती बारा वाजता वाशीच्या गेटवर पायजे. धा मिनटं उशीर झाला की आडत्या म्हणतो, ऱ्हाऊ द्या. मग सर्दी झाली काय आन् ताप आला काय.”

तेवढ्यात लिलावाची शिट्टी झाली आणि सगळे उठून गेले. उरलेलं पान माझ्या हातात राहिलं. संपत मागच्या रांगेत होता. त्यानं लांबून अंगठा वर केला.

परतताना हायवेवरच्या चौकीत गेले. तिथले हवालदार भले वाटले, खुर्ची दिली. “मॅडम, आमच्याकडं फुंकायचं मशीन. त्यात गोळी येत नाही. आम्ही माणूस बघून ओळखायचा म्हटलं, तर पहाटे सगळेच तसे दिसतात.” मग म्हणाले, “आम्हीपण.”

२ जून, रविवार

संस्कृती पुण्याला परत गेली. घर एकदम मोठं झालं. कपाटाच्या आरशाच्या कडेला तिच्या टिकल्या तेवढ्या राहिल्या, ओळीत चिकटवलेल्या. लाल. ती तर काळी, बारीक लावते. पुण्यात गेल्यावर मुलींच्या आवडी बदलतात, आणि आईला त्या आरशावरून कळतात.

संपतच्या गाडीचा डावा आरसा फुटलाय, दारावर लांबट ओरखडा. म्हणाला, क्रेट उतरवताना हमालाकडून लागला. मी म्हटलं, आरशाशिवाय चालवू नका, आजच बसवा. तो म्हणाला, “व्हय, बसवतो.” मी एवढी काळजी करते म्हणून बहुतेक त्याला कंटाळा येतो. हल्ली बोलतोच कमी. मी दुकानातून साडेनऊला येते तेव्हा तो गेलेला असतो. तो सकाळी येतो तेव्हा मी निघायच्या घाईत. त्यातही मी सगळ्यांना सांगायचं तेच त्याला सांगते. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही. घरचा असला तरी नाही, माझा असला तरी नाही. हे मात्र त्यानं अगदी पाळलंय.

९ जून, रविवार

भागूबाईला बघायला गेले. खाटेवर सुकून गेलीये. मला बघून तिनं आधी विचारलं, “माज्या जागंवर कोन बसाय लागलं का?”

“कुणी नाही. मी बसूच देत नाही.”

“बसू द्या वो. पायरी काय माज्या बापाची हाय?” मग म्हणाली, “त्या पोराची आय येती डबा घिऊन. येती आन् रडत बसती. मीच म्हनलं, बाई, आता तू बी आजारी पडू नको, मला दोगींचं करता याचं नाय.”

मी तिला सांगितलं. म्हणजे कुंडलिकला गोळी मी दिली होती, हे. का सांगितलं कोण जाणे.

“तुमी त्येला सर्दीची गोळी दिली. मारायची का दिली व्हती?”

मी नाही म्हणून मान हलवली.

“मग गप ऱ्हावा,” ती म्हणाली. रागानं की मायेनं, ते कळलं नाही.

१२ जून, बुधवार

गेणभाऊ दुकानात आले. सोबत एक अनोळखी माणूस, हातात पिकअपची चावी.

“ताई, ह्ये आमचं पावणं, आळेफाट्याचं. त्यास्नी ती टिकलीवाली पायजे.”

“कसली टिकलीवाली?”

“सर्दीची वो. सादी नको म्हनत्यात. लाल टिकलीची तुमच्याकडंच मिळती, भारी आसती, म्हनून लांबून आल्यात.”

पाहुणे म्हणाले, “लई गुण हाय राव तिला. गेटवर नंबर लागंपर्यंत घंटाभर आशी झोप लागती, काय सांगू.”

“आणि मग परत गाडी चालवता?”

“मग काय ढकलत आणू?”

मी गेणभाऊंकडे पाहिलं. ते खरोखर गोंधळले होते. “म्हंजी टिकली भारीची खूण नाय? आमी समद्यांस्नी त्येच सांगितलं. कुंकू लावल्यालं औशद, म्हनलं, ताई चांगल्यातलं आसंल त्यालाच लावनार.”

मी महिनाभर सांगत होते. प्रत्येकाला, तोंडानं, टिकली म्हणजे गाडी नाही. ते ऐकत होते आणि पाकीट हातात पडल्यावर डोळ्यांवर विश्वास ठेवत होते. लाल टिकली कशाला लावतात हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. नव्या गाडीला, दारावर, वजनकाट्याला. जे चांगलं, जे आपलं, त्याला.

पाहुण्यांना गोळी दिली नाही. ते शेजारच्या मेडिकलमध्ये गेले.

१३ जून, गुरुवार

दिवसभर टिकल्या काढत बसले. नखांत गोंद भरला. एकीकडे वाटत होतं, काढून टाकू नयेत, रंग बदलावा, काळी लावावी. मग काळीचाही काही अर्थ निघेल. आठ वाजताच शटर ओढलं.

घरी येऊन हातपाय धुतले आणि आरशासमोर उभी राहिले. कडेच्या टिकल्यांची ओळ लांबली होती. संस्कृती जाऊन अकरा दिवस झाले.

“आत्या, ह्या टिकल्या कुणाच्या?”

“तुज्याच की गं,” आत्या आतून म्हणाल्या. “औशदाच्या पाकिटावर चिकटून येत्यात. तुजं ध्यान कुठं आसतं? चांगल्या टिकल्या, फेकायच्या कशाला. मी काढून आरशाला लावते.”

“कुठल्या पाकिटावर?”

“संपतच्या. अंगावर पित्त उठतं त्याच्या.”

मी विचारलं, ती गोळी त्याला केव्हा देता. मला उत्तर माहीत होतं, तरी विचारलं.

“डागदरनं काय सांगितलंय? राती जेवनानंतर एक. टँकरवर व्हता तवापासून तेच चाललंय. आता रातचं जेवन त्यो चारला करतो, तर मी चारला देते.” मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, “एक बी दिवस चुकवली नाय मी.”

आत्या पूर्वी रात्री नऊला जेवणाऱ्या, दहाला झोपणाऱ्या माणसाला द्यायच्या तीच गोळी. तीच वेळ, ताटापाठोपाठ. बदलली ती फक्त रात्र.

घड्याळात नऊ वाजले होते. तो घाटात असणार. मी फोन हातात घेतला आणि ठेवला. त्यानं उचलला तर घाटात उचलणार. नाही उचलला तर मीच घालून दिलेला नियम पाळतोय म्हणून, की आणखी कशानं, हे मला कळणार नाही. आणि नुसत्या वाजण्यानं तो जागा राहील, की नजर हलेल? मी फोन केला नाही. हे बरोबर केलं की नाही, ते आत्ता लिहितानाही ठरत नाही.

१४ जून, शुक्रवार

सकाळी नऊला गाडी अंगणात आली. मी पायरीवरच बसले होते.

त्याला सगळं सांगितलं. तो बूट काढत ऐकत होता. एक बूट काढला आणि थांबला.

“अहो, गुंगी येते हे तुम्हाला जाणवलं नाही?”

“येती की. ओतूरच्या फुडं डोकं जड व्हतं. मला वाटलं, वय झालं.”

“मी भाषणात सांगितलं, तुम्ही मागे उभे होतात. तेव्हा तरी वाटलं नाही, आपणही एक खातो?”

“वाटलं.” तो म्हणाला. “पण डबा तू भरतीस. अख्ख्या बाजाराला सांगत फिरतीस, घाण गोळी कुठली आन् चांगली कुठली. म्हटलं, घरच्याला तू घातकी कशाला देशील?”

मी उठून पाणी आणलं.

थोड्या वेळानं त्यानंच सांगितलं. आरसा हमालानं फोडलेला नव्हता. माळशेजला गाडी कठड्याला घासली. “घासल्याचा आवाज आला म्हणून जागा झालो,” असं तो म्हणाला. मग दुसरा बूट काढला. “तुला सांगून काय, तू आणिक एक टिकली लावली आसती.”

थट्टा होती. पण हसला नाही.

आत्यांनी दुपारी आरशावरच्या सगळ्या टिकल्या खरवडून काढल्या. मी सांगितलं नव्हतं. त्या जेवल्या नाहीत. मी म्हटलं, आत्या, तुमची काही चूक नाही, डबा मी भरत होते. त्या म्हणाल्या, “हात कुनाचा व्हता?”

१७ जून, सोमवार

झोप न आणणारी गोळी तीन दिवस दिली. आज त्याच्या मानेवर, पाठीवर गांधी उठल्यात, हात खाजवून रक्त काढलंय. टोमॅटोवरच्या फवाऱ्यानं वाढत असणार. म्हणाला, “एका हातानं स्टेअरिंग धरतो, एका हातानं पाठ. आता कशानं मरू ते तू सांग.” चर्मरोगाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आणखी दोन औषधं दिली, आठ-दहा दिवस लागतील म्हणाले. गोळी जुनीच हवी असेल तर सकाळी घरी आल्यावर, झोपायच्या आधी घ्या, म्हणाले. इतकं साधं. सकाळी. मला कसं सुचलं नाही?

पण आत्ताही तो दुपारी चारला उठतो तेव्हा डोळे तांबडेच. पत्रा तापलेला असतो, समोर शेजाऱ्यांचं ट्रॅक्टर, दुपारी वीज जाते. झोप किती झाली विचारलं तर खांदे उडवतो. गोळी सकाळवर नेता येईल. झोप कुठून आणू? गेणभाऊंनी हेच विचारलं होतं आणि मी हसले होते.

२० जून, गुरुवार

संपतला म्हटलं, आठ-दहा दिवस गाडी उभी करा. औषध लागू पडू दे, झोप भरून निघू दे.

“उभी करायची नाय. हंगाम दोन म्हयन्याचा. शेतकरी दुसरी गाडी लावील आन् तीच लावत ऱ्हाईल.”

“मग बदली ड्रायव्हर बघा.”

त्यानं दोन-चार फोन केले. हंगामात मोकळा ड्रायव्हर कुठून मिळणार? संध्याकाळी म्हणाला, “एक जण मिळतोय. घरीच बसून हाय सध्या.”

“कोण?”

“कुंडलिक.”

पोर वाईट नाही. नंतर मला वाटलं, त्याला नको म्हणायचा मला काय अधिकार? आणि हो म्हणायचा तरी?

नको म्हटलं.

२२ जून, शनिवार

वाशीच्या बाजारात, गाडीत बसून लिहिते आहे. पहाटेचे चार. हमाल क्रेट उतरवतायत. संपत दाराला डोकं टेकून झोपलाय, तोंड उघडं. त्याला आणखी थोडं झोपू देणार आहे.

काल चारला दुकान बंद करून त्याच्या शेजारी येऊन बसले. मीच ठरवलं. त्याला झोप येऊ द्यायची नाही, एवढं एकच काम. आत्यांनी डबा दिला, थर्मासभर चहा, भाजलेले हरभरे. त्याची पित्ताची गोळी त्यांनी स्वतःहून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलीये, स्टुलावर चढून. निघताना माझ्या हाताला धरून म्हणाल्या, “बोलत ऱ्हा त्याच्याशी.”

बोलत राहिले. ओतूरपर्यंत संस्कृतीचं बोललो, तिच्या फीचं, तिला कुणी आवडत असेल का त्याचं. मग टँकरचे दिवस. मग आमच्या लग्नात त्याच्या मामांनी जेवणावरून घातलेला वाद, ज्याचं खरं कारण मला काल कळलं. इतक्या वर्षांत आम्ही असं सलग बोललो नव्हतो. घाटात धुकं होतं. कठड्याची ती जागा त्यानं दाखवली नाही, मी ओळखली, कारण तिथं तो गप्प झाला. मी हरभऱ्याची पुडी पुढे केली. खात राहिलं की झोप येत नाही म्हणतात. तो म्हणाला, “तू हाईस तर एवढं जड वाटत न्हाई.” मला फार बरं वाटलं. वाटलं, टिकल्या, भाषण, चौकी, सगळं चुकलं, पण हे करता येईल. रोज येता येणार नाही, दुकान आहे, पण हे आठ-दहा दिवस तरी.

घाट उतरलो. टोकावड्याचे दिवे दिसले, ते आठवतं. मी त्याला काहीतरी विचारत होते, भागूबाईला दुकानात बसायला स्टूल द्यावं का, असं काहीतरी. त्याचं उत्तर आठवत नाही.

त्यानंतरचं आठवतं ते एकदम कल्याणच्या अलीकडचं. गतिरोधकावर गाडी आदळली आणि माझं डोकं काचेला लागलं. थर्मास पायाशी लोळत होता. मुरबाड केव्हा गेलं मला ठाऊक नाही. गाडी आपली सरळ चालली होती. त्याचे दोन्ही हात स्टेअरिंगवर, डोळे उघडे, समोर.

मी पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, “झोप लागली होती का हो?”

रस्त्यावरची नजर न काढता तो म्हणाला,

“कुणाला?”